ममदापूर, दुसऱ्या गिअरमध्ये

निफाडपर्यंत द्राक्षं, मग कांद्याच्या चाळी,
येवल्याच्या पुढे जमीन एकदम अंग सैल सोडते.
गवत. पिवळं, कुसळी, गुडघ्याएवढं,
मधूनच हिवराची एखादी छत्री.

"झालं. आली आफ्रिका," बाबा म्हणतात.

नोट प्रेसमध्ये पस्तीस वर्षं
दुसऱ्यांचे पैसे मोजले,
टांझानियाचे जमले तेव्हा किडन्या गेल्या.
आता सोमवार आणि गुरुवार यांच्या मधे
मावेल तेवढाच देश बघायचा.
दुर्बिणीच्या पट्ट्याला अजून किमतीचं लेबल आहे.

"काचा वर. हॉर्न नाही. उतरायचं नाही."
सिंहांसाठी पाठ केलेले नियम
आम्ही टिटव्यांसमोर पाळतो.
तासभर काहीच नाही.
एक टँकर, त्याची धूळ,
धूळ बसेपर्यंत माझी धास्ती:
सकाळपासून त्यांनी किती पाणी प्यायलं?

लूनावरचा एक मेंढपाळ काचेवर टकटक करतो.
"काय पाहू राह्यले?"
"काळवीट."
"ते काय, तुमच्या मागं."

आत्ताच आम्ही आलो त्या चाकोरीवरून
कळप रस्ता ओलांडत होता,
निवांत, आम्ही जायची वाट बघितल्यासारखा.

बाबा वळत नाहीत. दुर्बीण मांडीवर.
स्वतःच काच खाली करतात,
सुयांनी फुगलेला डावा हात बाहेर काढून
आरसा जरा तिरपा करतात,
उजवा अंगठा जिभेला लावतात
आणि मोजायला लागतात.

सदतीसला चुकतात.
पुन्हा एकपासून.