बारापैकी तिसरा

लिनोलियमचा तुकडा एसीत कडक होतो,
म्हणून शुक्रवारी दुपारी तो गाडीच्या बॉनेटवर ठेवते.
दहा मिनिटांत ताज्या भाकरीसारखा लवतो
आणि वास सुटतो जवसाचा,
उम्म अल कुवैनच्या पार्किंगमध्ये
मेहकरच्या जवसाचा,
आई चटणीसाठी भाजायची तो.

हत्यारं क्लिनिकमधली, बोथट झाली म्हणून
टाकायला काढलेली.
दातांवरचं कीटण खरवडायची आकडी
कासवाच्या पाठीवर बरी चालते,
समुद्रगाईच्या मिशांना त्याहून बारीक लागते.
मौझा मला डॉक्टर म्हणते. मी नुसती मदतनीस,
खुर्ची वर-खाली करणारी, 'आ करा' म्हणणारी.
तिची कवळी बसवताना ओळख झाली.
तिच्या आजीनं म्हणे इथल्या खाडीत
समुद्रगाय पिल्लाला पाजताना पाहिली होती.
मी कोरली ती नुसत्या ऐकीव माहितीवर,
थोडी आमच्या म्हशीवर गेली.

यंदा घाफ.
फलज अल मुअल्लाच्या रस्त्याला, मौझाच्या वडिलांचं झाड,
शमाल वाऱ्यानं वाळवंटाकडे कललेलं.
उंटाची मान पोचते तिथवर एक पान नाही,
त्याच्या वर सगळा संसार.
शेजारी आणखी सहा होती. रस्ता रुंद झाला.
याच्या बुंध्यावर पांढऱ्या रंगात आकडा टाकलाय,
वाचवायचं म्हणून की तोडायचं म्हणून,
कुणालाच नीट सांगता येईना.

मी काटे पाहिले, पान चुरगळलं,
आणि ओळखलं. अगं बाई, हा तर सौंदड.
आपली शमी.
जिच्या ढोलीत शस्त्रं ठेवून पाच जण
नावं बदलून परक्या घरी कामाला लागले,
कुणी स्वयंपाकाला, कुणी घोड्यांकडे.
त्यांचं एकच वर्ष होतं.
माझं हे सतरावं.

एकाच तुकड्यातून तीन रंग काढायचे.
आधी पिवळा, बारा कागदांवर.
मग जिथं पिवळं राहायला हवं ते कोरून टाकायचं,
उरलेल्यावर हिरवा. पुन्हा कोरायचं. मग काळा.
दाब द्यायला स्टीलच्या वाटीचा तळ.
दर रंगाला झाड तुकड्यावरून कमी होतं
आणि कागदावर भरत जातं.
तेरावा हवा असला
तरी पिवळं आता कुठून आणणार?
चार कागद बिघडले. उरले आठ.
खाली मी बाराच लिहिते.
गेलेलेही मोजायला नकोत का?

दसऱ्याला तिसरा मौझाला दिला.
'सोनं घ्या' म्हटलं, मराठीतच.
तिनं चष्मा लावला, जिभेनं कवळी सरकवली,
म्हणाली, 'डॉक्टर, तू वारा उलटा केलास.'
खरंच की. चित्र आधी उलटं काढायचं
तेच विसरले होते.
झाड समुद्राकडे झुकलेलं.
परत मागितला, तर देईना.

परवा गेले तेव्हा पाहिलं,
दिवाणखान्यात आरशासमोरच्या भिंतीवर टांगलाय.
आणि बसायची सोय सगळी आरशाकडे तोंड करून.
आरशात झाड बरोबर, फांद्या वाळवंटाकडे.
फक्त खालचा आकडा उलटा.
गहवा ओतता ओतता मौझा म्हणाली,
त्याच्याकडे बघू नकोस.