सात नंबरचं खोकं

विल्यांदीतलं घर डिसेंबरअखेर सोडायचंय.
आइवार केळ्यांची जुनी खोकी उघडतोय,
प्रत्येकावर आईचं अक्षर: बघू नंतर.

झाकणं, झाकणं. बरणी एकही नाही.
बर्फातला एक बूट, डावा.
रशियन शब्दकोशाचा दुसरा खंड
(पहिला कुणी नेला देव जाणे).
"ठेव," मी म्हणते.
"कुठे?" तो म्हणतो.
सकाळपासून एवढंच बोलणं.

सातव्या खोक्यात अळंब्यांचं पुस्तक,
पाठीला चिकटपट्टी, पानोपानी पेन्सिल:
खाल्लं. काही झालं नाही.
खाल्लं. कडू. काही झालं नाही.
आणि पान एकशे बारा:
एंडेलने खाल्लं. वाट बघतेय.

पुढची पानं कोरी.

बाबा त्यानंतर एकतीस वर्षं जगले,
तेवढं लिहायचं तिचं राहून गेलं.

आइवार हसत हसत खोक्यावर बसला,
खोकं बसलं,
तरी उठेना. नाक पुसत राहिला बाहीला.

तळाशी पायमोज्यात गुंडाळलेली
बरणी निघाली, भरलेली.
वर ना साल, ना नाव.
तो माझ्याकडे बघतो.
मी भांड्यांच्या ढिगात
चमचा शोधते.