दहापैकी

गाडी मुलीची. ती परिषदेसाठी कोचीला,
म्हणून सर्व्हिसिंगला मी नेली
पाथर्डी फाट्याजवळच्या काचेच्या इमारतीत.
दार आपोआप सरकलं. टायला पिन लावलेला मुलगा
टॅब सांभाळत पुढे आला :
"या विसपुते सर."
क्षणभर वाटलं, ओळखलं की काय.
पण गाडीच्या नंबरावरून नाव कळतं त्यांना.

तक्रार विचारली. म्हटलं,
मागे डावीकडे खुट्ट होतं,
स्पीडब्रेकरवरून उतरताना. चढताना नाही.
त्याने लिहिलं : आवाज.
मग समोर बसवून मला समजावलं
सस्पेन्शन म्हणजे काय असतं.
चित्र दाखवलं, दोन बोटांनी मोठं केलं.
सातपूरच्या आयटीआयत एकतीस वर्षं
हेच चित्र मी खडूने काढलं.
ऐकत राहिलो. बरं समजावत होता.
एक चूक केली, ती सोडून दिली.
"पूर्ण असेंब्लीच बदलावी लागेल बहुतेक.
एक लाख बाराच्या आसपास."

लाउंजमध्ये कॉफी फुकट. खुर्ची इतकी मऊ
की उठताना गुडघ्यांची परवानगी काढावी लागते.
शेजारी पिंपळगावचे एक द्राक्षवाले
बंदरात अडकलेल्या कंटेनरवर फोनवर ओरडत होते.
फोन ठेवून बिल पाहिलं आणि एकदम हळू आवाजात म्हणाले,
"काका, वायपरचे नऊ हजार.
आमच्या दादांना यात दोन लुना आल्या असत्या."

काचेतून एका बाजूला पांडवलेणीचा डोंगर,
दुसऱ्या बाजूला वर्कशॉप. मध्ये पिवळी रेघ.
ग्राहकांनी पलीकडे जायचं नाही.
फरशीवर तेलाचा एक थेंब नाही.
माझ्या शेडमध्ये पोरं घसरून पडायची,
मी म्हणायचो, झाला पहिला धडा.

गाडी लिफ्टवर चढली.
खाली एकजण, पाठमोरा, टोपी घातलेला.
लॅपटॉपची वायर त्याने बाजूला सारली,
जोडीदाराला चाक हलवायला लावलं
आणि लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक आर्मला टेकवून
मूठ कानाशी धरली.
डोळे मिटले असणार. मला दिसले नाहीत.
मग चाक बसवताना
प्रत्येक बोल्टचे पहिले दोन आटे बोटांनी.
आधी ओळख, मग जोर :
हे वाक्य कुठल्याही मॅन्युअलमध्ये नाही.
मी काचेवर बोटाच्या पेराने वाजवलं.
काच जाड होती.

बिल आलं सहा हजार आठशे चाळीस.
टायवाला जरा हिरमुसलेला :
"टेक्निशियन म्हणतो, नुसतं बुश गेलंय."
जॉब कार्डवर सही, बी. गांगुर्डे.
पेठहून पहाटेच्या एसटीने येणारा एक भगीरथ होता,
थिअरीत कायम काठावर.
पण गांगुर्डे आपल्याकडे कमी का आहेत?

त्या रात्री गंगापूर रोडचे सगळे स्पीडब्रेकर
दोनदा ओलांडले. उतरलो. गप्प.

दुसऱ्या दिवशी फोन.
"शर्वाणी बोलतेय सर. अनुभव कसा होता?
दहापैकी किती द्याल?"
"नऊ."
पलीकडे शांतता. मग घाईघाईने,
"सर, नऊ म्हणजे आमच्याकडे नापास धरतात.
टेक्निशियनचा इन्सेंटिव्ह जातो."
एकतीस वर्षांत पैकीच्या पैकी
मी कुणाला दिले नाहीत.
माणसाला वाढायला जागा ठेवावी, म्हणायचो.
कुणाचं काही कापलं जात असेल
हे तेव्हा डोक्यातही नव्हतं.

"त्या मुलाचं नाव भगीरथ का गं?"
"सिस्टिममध्ये फक्त कोड दिसतो सर."

मी गॅलरीत गेलो. खाली गाडी उभी.
मागचं डावं चाक नीट पाहिलं
आणि एकटाच हसलो.

"दहा लिही," म्हटलं.
"आणि त्याला सांग, व्हॉल्व्हची टोपी लावायची राहिली."
"तक्रार नोंदवू का सर?"
"छे, छे. नुसतं सांग.
म्हणावं, परत."