आठ

पासवर्ड चुकीचा आहे, म्हणाला.
मी म्हटलं, बरं. पुन्हा घातला.
पुन्हा चुकीचा.

तेहतीस वर्षं गोदीत फिटर होतो.
स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला, टोक इंजिनाला,
की आतलं बेअरिंग आपणहून तक्रार सांगायचं.
हा डबा पंखा गरगरवत
सभ्यपणे एकच वाक्य बोलतो
आणि त्यात त्याचं काय दुखतंय ते नसतं.

भिंतीवरचं बटण बंद केलं. साठ आकडे मोजले. चालू.
वायरी उपटल्या, फुंकल्या, खोचल्या.
कॅप्स लॉकचा दिवा बघितला, विझलेलाच होता.
शेवटी, खोटं कशाला बोलू, एक चापट मारली.

प्रणितने स्वतःच्या नावावर टिचकी दिली. चुकीचा.
सुनेने तिच्या. चुकीचा.
मग घरात प्रश्न उभा राहिला:
कुणी बदलले?
केतकीने प्रणितकडे बघितलं, प्रणितने माझ्याकडे,
मी कुमुदकडे, आणि कुमुदने कुकरकडे.
कन्नमवार नगरातल्या दीड खोलीत
चार माणसं, एक कपाट, एक मोरी.
कुलूप लावता येईल अशी जागा
प्रत्येकाला तेवढीच होती,
दहा-बारा ठिपक्यांची.

"बाबा, तो डोळा दाबा," केतकी म्हणाली.
चौकटीच्या कडेला बारीक डोळा असतो,
दाबून धरला की ठिपक्यांची अक्षरं होतात.
म्हणजे सगळ्यांच्या देखत.

माझ्या पहिल्या जहाजाचं नाव, पुढे यार्ड नंबर तीनशे अठ्ठावन्न.
पडद्यावर नुसते पस्तीस.
"जहाज?" प्रणित हसला. "आम्हाला वाटलं आईचं नाव असेल."
कुकरची शिट्टी झाली ते बरं.

प्रणितचा उघडला: केतकीला मागणी घातली ती तारीख,
सव्वीस आठ. आठ उमटलाच नव्हता.
"सत्तावीस होती ती," केतकी म्हणाली,
आणि मिनिटभर कॉम्प्युटर कुणाच्याच लक्षात राहिला नाही.
तिचा स्वतःचा दहावीचा बैठक क्रमांक,
त्यातले दोन आठ दोन्हीकडून पडलेले,
दुधाच्या दातांसारखे.

प्रणितने आठची कळ नखाने उचकटली.
खाली चहाचा थेंब, जुना, खडीसाखर झालेला.
त्या टेबलावर चहा आम्ही चौघंही पितो.
कुणी काही बदललं नव्हतं.
माफी मात्र कुणी मागितली नाही,
जणू मघाशी कुणी कुणाकडे बघितलंच नव्हतं.

कोपऱ्यातल्या खुणेवर दाबलं की
पडद्यावरच एक कीबोर्ड उघडतो, माउसने टिपायचा.
एकेक जण आत गेला.
माझं जहाज पाण्यात सुटलं.

राहिली कुमुद.
पदराला हात पुसत आली, खुर्ची ओढली, म्हणाली,
"माझ्यातही आठ आहे. एवढं पुरे.
आता तिघंही बाहेर व्हा."
"अगं, डोळा दाबायचा नाहीच आता," मी म्हटलं.
"तुमचे आहेत ना."

आम्ही गॅलरीत उभे राहिलो, शिक्षा झाल्यासारखे.
समोर पुनर्विकासाचे निळे पत्रे, त्यांवर खडूने काढलेल्या यष्ट्या.
मुलं घरी गेली होती, यष्ट्या तिथेच.
दाराआडून टिचक्या ऐकू येत होत्या. सावकाश,
तांदूळ निवडावेत तशा.
कान अजून शाबूत आहेत माझे.
अकरा मोजल्या,
मग एक शेवटची, ठाम.

आत काय आहे विचारलं तर म्हणाली, भिशीचा हिशोब.
असेलही.

साडेचारशेचा नवा कीबोर्ड आला.
आठ आता नुसतं बोट टेकलं तरी उठतो.
मी रात्री पांघरुणाखाली बोटं मोडत बसतो:
तिचं माहेरचं नाव आणि आठ, झाले नऊ.
मुलाचं लाडाचं नाव, जन्मसाल धरून, दहा.
माझं नाव, दोनदा घेतलं तरी,
आणि दोनदा ती कशाला घेईल,
अकरा भरत नाहीत.