वाकडी वाट

महिन्याचा दुसरा रविवार, सकाळचे नऊ.
पाटीच्या दगडाच्या बंद खाणीखाली
आम्ही जमतो. अकराजण, कधी सात,
एकदा तर फक्त मी आणि ग्वेनलियनचा कुत्रा.
कुदळी, दातेरी फावडी, एक पहार,
थर्मासातला चहा, ज्याला गरम एवढंच म्हणता येईल.

टेगिद आमचा म्होरक्या. आयुष्यभर प्लंबर.
पाऊस असला की तो खूश असतो.
म्हणतो, आज वाट स्वतःच सांगेल
तिला कुठे दुखतंय.
आणि खरंच आम्ही अर्धा तास नुसते उभे,
टोप्यांच्या कडांतून पाणी गळतंय,
अकरा माणसं एका डबक्याकडे बघताहेत.

पाणी आळशी असतं, टेगिद सांगतो,
आयती चाकोरी मिळाली की तीच धरतं.
म्हणून वाट दरीकडे किंचित कलती ठेवायची,
पेल्यातलं उरलेलं ओतताना मनगट कलतं, तेवढीच.
वीसेक पावलांवर एक बुटका चढ;
तिथे पाणी थबकतं, आणि बाजूला होतं.
वरची काळी मऊ माती बादल्यांनी दूर न्यायची,
तिच्यात नेचे उगवतील, चाकं रुततील.
खालची पिवळी, खडेरी, ती आपली.
बर्चचं मूळ आडवं आलं
तर वळायचं वाटेनं. झाडानं नाही.

शाळेत शिकवलं होतं, सरळ वाटेनं जा.
डोंगराला ते पटत नाही.
डोंगरावरची सरळ वाट म्हणजे
अजून नाव न पडलेला ओढा.

आमच्याकडे तसा एक होता, आणि त्याला नाव होतं:
एमरिसची उतरण.
सत्त्याण्णव साली त्यानं एकट्यानं काढलेली,
रात्रपाळी संपवून, कुणाला न विचारता,
खाणीच्या कड्यापासून थेट नदीपर्यंत.
तिच्यावर मी दोन दात ठेवून आलो.
तिच्यावर आमच्यातला प्रत्येकजण
एकदा तरी ओरडला आहे, भीतीनं की आनंदानं
ते आता आठवत नाही.

वीस-पंचवीस हिवाळ्यांत वाटेचीच वाट लागली.
कमरेएवढी घळ. दोन्ही बाजूंनी उघडी पडलेली मुळं.
आणि खाली नदीत, ट्राउट जिथे अंडी घालतात
त्या गोट्यांवर गाळाची साय.

एमरिस गेला तो सायकलवरून नव्हे,
मार्चमध्ये, दवाखान्यात, नंबर लागायच्या आत.
त्यानंतर तीन वर्षं
बैठकीत तो विषय निघाला की
टेगिद पेला फिरवत राहायचा.

मग एका रविवारी नेरिस आली.
त्याची बायको. जन्मात सायकलवर न बसलेली.
हातात बागेतली करवत, पायात त्याचे बूट,
दोन मापं मोठे, आत मोजे कोंबलेले.
कड्याशी उभी राहून तिनं खाली पाहिलं, बराच वेळ.
"एकदा ब्रेक लावला असता या माणसानं,"
ती म्हणाली. "आणा त्या फांद्या."
पहिली तिनंच टाकली आडवी, हॉलीची,
बोटातून रक्त आलं ते चड्डीला पुसलं
आणि दुसरी उचलली.

आम्ही दिवसभर घळ भरत होतो.
ओंडके आडवे, मागे दगडांचे बांध,
फटींत हेदरचे गड्डे, मुळांसकट.
छोट्या मॅक्सेननं विचारलं, आता ही वाट कुठे जाणार?
कुणाला काही सुचेना.
ग्वेनलियननं त्याला बिस्कीट दिलं.

पुढच्या महिन्यात पहिल्या बांधामागे
पाणी उभं होतं, नितळ,
तळातला पाटीचा तुकडा दिसावा इतकं.
आणि फांद्यांच्या कडेनं, ओल्या मातीत,
चाकाचा एक ठसा. ताजा. सरळ खाली गेलेला.

नेरिसनं तो पाहिला.
वाकली, आणि बुटाच्या टाचेनं
अर्धा पुसला.
अर्धा तसाच ठेवला.

वरून टेगिदची हाक आली:
तिसऱ्या वळणावर पाणी साचलंय.