शंभरने सुरू होणारा पत्ता

आधी पिंग. उत्तर नाही.
पुन्हा पिंग.
मस्कतच्या खोलीत मी, आणि सोमलवाड्यात
लोखंडी कपाटावर, वर्तमानपत्राच्या घडीवर
तो काळा डबा, दोन डिस्कचा,
ज्यात माझी पदवी आहे, आणि सकाळी आठला
ऑफिसच्या खिडकीत ती लागणार आहे.

बाबांना फोन.
‘दिवे लागलेत का?’
‘दोन हिरवे. एक टिमटिमून राहिला.’
‘कोणता?’
‘टिमटिमणारा.’
मागे कुलरची घरघर. मे महिना. वाळ्याच्या ताट्या नव्या घातल्यात,
तो वास तेवढा फोनमधून येत नाही.

‘मला तर इथून उघडून राहिलं नं,’ बाबा म्हणतात,
‘सगळ्या फायली जागेवर आहेत.
तुलाच काहून दिसत नाही?’

राउटर बंद करा. दहा मोजा. सुरू करा.
बाबा खरंच मोजतात, मोठ्यानं.
सोनेगावच्या वेधशाळेत एकोणतीस वर्षं पारा वाचलेला माणूस
आठ आणि नऊच्या मध्ये थांबतो,
घाईत घेतलेलं रीडिंग खोटं म्हणून.

पोर्ट उघडं. नियम बरोबर. पासवर्डही तोच,
आईच्या माहेरचं तुमसर आणि तिचा जन्मसन,
बदला म्हटलं तर बदलत नाहीत.
मग राउटरच्या पोटातला पत्ता वाचायला लावला.
‘शंभर. टिंब. एकाहत्तर. टिंब.’
जगाला बाहेरून दिसतो तो एकशे तीनने सुरू होतो.
इथे माझी बोटं थांबली.

घनश्याम नंदनवार, केबलवाला,
कुणाच्या तरी वरातीतून बोलला, मागे बँड:
‘ताई, मागच्या महिन्यापासून कंपनीनं सगळ्यायचंच असं केलं.
एका पत्त्यामागे चार गल्ल्या टाकल्या.
तुमच्या घरून बाहेर जाता येते,
बाहेरून आत याले जमत नाही.
सोताचा पत्ता पाहिजे तं महिन्याले दोनशे जास्तीचे.’

‘आपल्याच घराच्या पत्त्याचं भाडं?’
बाबा म्हणाले. ‘नाही देणार.’

म्हणजे घर जागेवर. दार उघडं. बाबा आत, जागे.
पण कोणी विचारलं, उमाठे कुठे राहतात,
तर चार गल्ल्यांच्या तोंडावरचा तो पहारेकरी म्हणणार,
इथे पुष्कळ राहतात,
तुम्हाला आतून कोणी बोलावलंय का?

उपाय एकच उरला. डब्यानं आतून हाक मारायची.
आधी त्यानं मला शोधायचं, वाट धरून ठेवायची,
मग मी त्याच वाटेनं आत.
आमच्याकडे हे कधी झालेलं नाही.
फोन मी करते. बाबा उचलतात, ‘बोल’ म्हणतात.

साडेअकरा ते सव्वा. एकेक अक्षर.
‘स्लॅश कोणता, इकडे पडलेला का तिकडे?’
‘उजवीकडे झुकलेला. तिरपा पारा असतो तसा.’
‘पारा तिरपा नसतो. पाहणारा तिरपा असतो.’
‘बरं. एंटर दाबा.’

कुलर.
कुत्रं, बहुतेक कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपाशी.
मग माझ्या पडद्यावर एक ओळ आली,
सोमलवाड्याहून.

पदवी सापडली, उतरवली.
निघणार, तर शेजारी फोल्डर, ‘रोजचं’.
गच्चीवरचा स्वतःचा थर्मामीटर, निवृत्तीनंतरची
एकही दिवस न चुकलेली नोंद.
शेवटची फाइल आजची.
सेव्ह केल्याची वेळ, एक वाजून दहा मिनिटं.
म्हणजे मी स्लॅश सांगत होते तेव्हा.

‘कमाल ४५.८. वारा पश्चिमेचा, गरम.
कुलरला बादल्या तीन.
शेरा: मुलीचे फोन आज सहा. सरासरी आठवड्याला एक.’

‘मिळालं का?’
‘मिळालं.’
‘मग ठेवू?’
तिसरा दिवा विचारला.
अजून टिमटिमून राहिला, म्हणाले.
‘कोणता?’ मी म्हटलं.