धोतरावरचं पाखरू

पडदा विसरली ती.
नळदुर्गची शाहीन, किड्यांवर पीएचडी करणारी.
डबे, चिमटा, वही, बॅटरी, सगळं आणलं
आणि पांढरा पडदा तेवढा राहिला तुळजापूरच्या लॉजवर.
म्हणून माझं धोतर.
लेकीच्या लग्नात एकदाच नेसलेलं.
दोन धावड्यांच्या मधे ताणून बांधलं,
येडशीच्या घाटात, रामलिंगाच्या वरच्या अंगाला,
अवसेच्या राती.

दिवा लागला निळा.
आधी आले ते ओळखीचेच:
तुडतुडे, शेणकिडे,
घाटेअळीचं पाखरू, बोंडअळीचं.
मी एकेकाचं नाव सांगत गेलो,
कोण तुरीवर जातं, कोण कापसावर,
कुणाला कुठली फवारणी, डब्याचा भाव काय.
शाहीन लिहीत राहिली.

मग ते बसलं.
ज्वारीचं एक तूस वाऱ्यानं येऊन चिकटावं
तसं.
राखाडी. कडेला पिवळं,
हळदीचं बोट पुसल्यागत.
तिनं श्वास धरून पट्टी लावली. अकरा मिलिमीटर.
"मामा, ह्याला काय म्हणता तुम्ही?"

पस्तीस वर्षं झाली ह्या डोंगरात.
चंदनावर कुऱ्हाड पडली की
अंधारातून सांगतो कुठल्या खोऱ्यात पडली.
ह्याला काय म्हणतो?
पाखरू, म्हटलं.
आणि माझं मलाच ते अपुरं वाटलं.

ती म्हणाली, ह्याची अळी दगडफूल खाते,
खडकावरचं, वर्षाला नखाएवढंही न वाढणारं.
खाली उतरत नाही हे कधी.
खाली हायवे. ट्रकांचे दिवे
रात्रभर सोलापूरकडं वाहत असतात.

दगडफूल आमच्या काळ्या मसाल्यात पडतं.
गिरजा ते उन्हात निवडते,
फुंकर मारून कचरा उडवते.
त्या कचऱ्यात कोण कोण उडालं असंल!

ज्यानं आमचं खाल्लं त्याला आम्ही नाव दिलं.
ह्यानं काही खाल्लंच नाही आमचं.

पहाटे दिवा मालवला, तरी ते बसून.
"झटका हळूच," शाहीन म्हणाली, जीप सुरू करायला गेली.
मला झटकवेना.
दोन्ही टोकं सोडून हातात धरली
आणि उभा राहिलो, कुणीतरी वाळत घातल्यागत,
ऊन खडकांवर येईस्तोवर.
मधेच कधी गेलं, दिसलं नाही.

घरी घडी घालताना गिरजा थांबली.
काठाशी पिवळी पूड होती, चिमटीतही न येणारी.
"ही हळद कुठली?"
"लग्नातलीच असंल," म्हटलं.